करवंटीचं होल

[दृश्य : गुहागरचा किनारा, ओहोटी. सुरूच्या बनातून खांद्याला पिशवी लावलेला माणूस खाली उतरतो.]

नाना घड्याळ बघून घराबाहेर पडत नाहीत, तिथी बघून पडतात. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आज चतुर्थी. म्हणजे तीनला भरती, त्याच्या सहा तास पुढे-मागे ओहोटी. नऊ वाजत आलेत. पाणी सरलंय, ओली वाळू घट्ट आहे, पाऊल रुतत नाही. पुढचा तासभर हे मैदान नानांचं.

[दृश्य : पिशवीतून काठ्या निघतात. मूठ जवळून.]

नियमाने गोल्फपटूला 14 काठ्या बाळगता येतात. नानांकडे सात उरल्यात. पाच नंबरच्या लोखंडी काठीच्या मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळलीय. चेंडू बारा. वजन 46 ग्रॅमच्या आत, आकार सालीसकटच्या सुपारीपेक्षा जरा लहान. लांबून बघणाऱ्याला वाटावं, कुणीतरी कुर्ल्या धरायला आलाय.

[दृश्य : फटका. मंद गतीत.]

हा फटका आम्ही तीनदा दाखवतोय. पुतण्याचे लाड म्हणा. पण बघा, काठी वर जाताना डोकं तसूभर हलत नाही. चेंडू निघून गेल्यावरही नाना क्षणभर वाळूवरच्या मोकळ्या जागेकडे बघत राहतात.

[दृश्य : घराची पडवी. नाना सुपारी कातरताहेत.]

18 जानेवारी 1982 ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. नानांचे वडील, म्हणजे माझे आजोबा, गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. गावकीच्या खोलीत पाळीपाळीने झोपणारे पंधरा-वीस जण एकदम रिकामे झाले. कुणी गावी परतलं, कुणी भाजीची गाडी लावली. नाना तेव्हा तेरा वर्षांचे. ओळखीतल्या कुणीतरी त्यांना एका गोल्फ क्लबाच्या मागच्या दाराशी नेऊन उभं केलं. तिथे पोरं रांगेत बसायची. साहेब बोट करील त्याने बॅग उचलायची.

बॅग उचलणं हे कॅडीचं निम्मं काम, आणि तेच लोकांना दिसतं. डाव अठरा होलांचा, म्हणजे सहा-सात किलोमीटर चाल, उन्हात. पण त्या चालीत पोरगा काय काय टिपत असतो! वारा कुठून आहे. झेंडा किती लांब. पाच नंबर काढायची की सहा. साहेबाने काल इथूनच मारलेला फटका कुठे पडला होता. आणि ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, पोचलं की ते गवत कुठे झुकलंय.

[दृश्य : भाताचं शेत, कापणीच्या आधी. वाऱ्याची लाट.]

हे नानांनी आम्हाला शेताच्या बांधावर उभं राहून दाखवलं. वारा पाठीमागून आला की भात लवतो आणि चमकतो. समोरून आला की काळपट दिसतो. ग्रीनवरच्या गवताचंही तसंच. तुमच्या बाजूने चमकलं तर ते पुढे झुकलंय, चेंडू पळेल. काळं दिसलं तर अडेल, जरा जोर लावा. साहेब हे शिकायला पैसे मोजून कोच ठेवायचे. बॅगवाल्या पोराला ते फुकट कळलेलं असायचं, आणि साहेब शेवटी त्यालाच विचारायचे, "किती धरू रे?"

सोमवारी मैदान सभासदांना बंद, त्या दिवशी कॅडी खेळत. सहा जणांत एक काठी. पाच नंबरची ती काठी एका सभासदाने भंगारात टाकलेली. ट्यूब तेव्हाचीच, असं नाना सांगतात, म्हणजे मध्ये एकदा बदललीय.

[दृश्य : मांगराचं दार. आतून चिकटवलेली वर्तमानपत्रांची कात्रणं.]

1991. दिल्ली गोल्फ क्लबात बॅगा उचलून मोठा झालेला अली शेर इंडियन ओपन जिंकला. ही स्पर्धा जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक. दोन वर्षांनी, 1993 ला, पुन्हा जिंकला. मुंबईतल्या कॅडींच्या शेडमध्ये ती बातमी मोठ्याने वाचली गेली. नाना बावीस वर्षांचे होते. वाचणारे तेच होते, असं त्यांचं म्हणणं.

दुसरं कात्रण 2008 चं. शिव शंकर प्रसाद चौरसिया, दिल्लीत इंडियन मास्टर्सचा विजेता. वडील कलकत्त्याच्या रॉयल क्लबात मैदान राखायचे. तिसरं 2016 चं. महूचे मुकेश कुमार, वय 51, पॅनासोनिक ओपन. हे कात्रण चिकटवलं तेव्हा नाना गावी येऊन स्थायिक झाले होते.

भारतातलं व्यावसायिक गोल्फ कुणाच्या खांद्यावर उभं राहिलं, ते या दारावर वाचता येतं.

[दृश्य : जुना फोटो. पांढरी टोपी, हातात पटर, म्हणजे चेंडू होलात ढकलायची काठी.]

नाना अली शेरनंतर वर्षा-दोन वर्षांत व्यावसायिक झाले. त्या खेळाचा हिशेब बाहेरच्यांना माहीत नसतो, म्हणून सांगतो. स्पर्धा चार दिवसांची. पहिले दोन दिवस सगळे खेळतात, मग कट लागतो. साधारण पन्नास जण पुढे जातात आणि बक्षिसाचे पैसे त्यांच्यातच वाटले जातात. बाकीचे घरी. प्रवेश फी, रेल्वेचं तिकीट, खोली, कॅडीची मजुरी, सगळं स्वतःच्या खिशातून गेलेलं. एका फटक्याने कट चुकला तरी हाती शून्य. महिन्याचा पगार नाही, बोनस नाही, सुट्टी नाही. गिरणीत निदान हजेरी होती.

पैसेवाल्या घरचा मुलगा सलग आठ कट चुकवून नवव्या स्पर्धेत शांतपणे उभा राहू शकतो. नाना तिसऱ्याच कटला मनीऑर्डरचा विचार करत चेंडूसमोर उभे असायचे.

तरीही चांगली वर्षं आली. एकदा तर शेवटच्या होलपर्यंत बरोबरीत होते. साडेतीन फुटांचा पट, म्हणजे चेंडू होलात ढकलायचा हलका फटका, राहिला होता. त्याचं चित्रीकरण कुणाकडे नाही, हा फोटो त्याच्या दहा मिनिटं आधीचा. नानांचं एक वाक्य मात्र आमच्याकडे आहे.

[नानांचा आवाज : "चेंडू हलला नाय रे. मीच हललो."]

एका फटक्याने दुसरा नंबर. त्यानंतर लहान पटवर हात थरथरायला लागला. गोल्फमध्ये हा आजार ओळखीचा आहे, भले भले त्यात गेलेत. 2006 ला खेळाडूंनी पीजीटीआय ही व्यावसायिक गोल्फची संस्था उभी केली, देशातल्या स्पर्धांना घडी बसली. तेव्हा नाना उतरणीला लागले होते. पुढे पाठ गेली, काकूच्या पाटल्या गेल्या, स्पर्धांत खेळायचं कार्ड गेलं.

[दृश्य : काकू चुलीपुढे. निवेदन नाही. दहा सेकंद.]

[दृश्य : खळं. चोपण्याचा आवाज.]

दिवाळीच्या तोंडावर आमच्याकडे खळं करतात. माती पसरायची, पाणी मारायचं, चोपण्याने चोपायचं, मग शेणाने सारवायचं. वाडीतल्या कुठल्याही खळ्यापेक्षा नानांचं सपाट असतं. सारवताना हात एकाच दिशेने फिरला पाहिजे, यावरून काकूशी दरवर्षी वाद. देशात कित्येक ठिकाणी, विशेषतः लष्कराच्या मैदानांवर, गवत जगत नसे म्हणून ग्रीनऐवजी तेल मिसळलेल्या वाळूचे ब्राउन करत. नाना म्हणतात, हा त्यातलाच प्रकार, फक्त तेलाऐवजी गोठ्यातला माल.

मधोमध करवंटी पुरलीय. नियमातल्या होलचा व्यास 108 मिलिमीटर. नानांनी पट्टी घेऊन नारळ निवडला. सहा फोडले, सातवा बसला. सहा दिवस घरात सोलकढी होती.

[दृश्य : चार पोरं, एक मुलगी. पटरच्या जागी बांबू.]

संध्याकाळी वाडीतली पोरं येतात. इथून जवळपास गोल्फचं मैदान नाही आणि यांच्यातलं कुणी ते पाहिलेलंही नाही. उदयन माने नावाचा पुण्याचा मुलगा 2021 ला टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये गोल्फ खेळला, तोही दुसऱ्या कुणी माघार घेतल्यावर जागा मिळून, हे मात्र त्यांना पाठ आहे. नाना रोज एकदा म्हणवून घेतात.

ही पोरगी बघा. करवंटीच्या कडेला लागून चेंडू बाहेर आला. नाना काही समजावत नाहीत.

[नानांचा आवाज : "परत. डोकं वर काढू नको, मेल्ये."]

[दृश्य : किनारा. भरती चढतेय. नाना चेंडू मोजताहेत.]

बारा नेले होते, अकरा मिळाले. बाराव्यासाठी गुडघाभर पाण्यात जाऊन आले, नाही सापडला.

उद्या पंचमी. भरती पावणेचारला, ओहोटी सकाळी पावणेदहाला. पोरांना किनाऱ्यावर आणायचंय, पण शाळा अकराला भरते. नाना बोटं मोजत घराकडे निघालेत.