देवमाशाचा घोटा

तर मंडळी, मुळात आपलं नावच चुकलंय. देवमासा. त्यात तो मासा असा काही घुसून बसलाय की निघता निघत नाही, मी स्वतः अजून देवमासाच म्हणतो. पण आपणच काय ते चुकलो असं नाही हां. 1818 साली न्यूयॉर्कमध्ये यावरून चक्क कोर्टात केस झाली. इन्स्पेक्टरचं म्हणणं, माशाच्या तेलाच्या पिंपाला तपासणीची फी लागते, आणि जड नावाचा तेलाचा व्यापारी म्हणतो अहो हे व्हेलचं तेल, व्हेल मासा नाहीच, मी कशाला फी भरू? सॅम्युअल मिचिल म्हणून तिथले मोठे अभ्यासक, त्यांनी साक्ष दिली की हा सस्तन प्राणी आहे. ज्यूरीने थोडक्यात उरकलं, मासाच आहे म्हणून! प्राण्या-वनस्पतींचं वर्गीकरण करणाऱ्या लिनियस या शास्त्रज्ञाने 1758 मध्येच व्हेलला माशांतून उचलून सस्तन प्राण्यांत टाकलं होतं, त्याला तेव्हा साठ वर्षं झालेली.

आता पिल्लाला दूध पाजतो, फुप्फुसाने श्वास घेतो, रक्त गरम, हे सगळं शाळेत झालंय तुमचं. मला आवडते ती शेपूट. मासा शेपूट डावी-उजवीकडे मारतो, बरोबर? व्हेल वर-खाली मारतो. कुत्रा जोरात पळताना त्याची पाठ कशी वाकते नि सरळ होते, तेच हे, फक्त पाण्यात.

पण सस्तन म्हटलं तरी कुणाचा नातेवाईक? इथे खरी मजा आहे. मटणवाल्याकडे बोकडाच्या मागच्या पायातलं घोट्याचं हाड मागून बघा, त्याला वर एक आणि खाली एक अशा दोन कप्प्या असतात, रहाटाला असते तशी खाच. असं हाड गाय, बकरी, डुक्कर, उंट, पाणघोडा या समखुरी, म्हणजे पायाला जोडीने खूर असलेल्या, मंडळींचंच. आणि 2001 मध्ये पाकिस्तानातल्या पाय असलेल्या जुन्या व्हेलच्या जीवाश्मांत नेमकं तेच हाड निघालं. डीएनएवाले आधीपासून सांगतच होते की व्हेलचा आज हयात असलेला सगळ्यात जवळचा भाऊबंद पाणघोडा आहे, पण हाड हातात आल्याशिवाय हाडवाले ऐकत नाहीत.

आणि यातला एक धागा आपल्याकडचाच. ए. रंगा राव नावाचे भूवैज्ञानिक, त्यांनी जम्मूतल्या कालाकोटला जीवाश्मांचे दगड गोळा केले होते. ते गेल्यावर बऱ्याच वर्षांनी त्यांच्या पत्नीने ते दगड थेविसेन या संशोधकांना दिले. दगड साफ करताना टेक्निशियनच्या हातून एक कवटी चुकून फुटली, म्हणजे बघा, आपल्याकडे असं झालं असतं तर बिचाऱ्याला आधी मेमो मिळाला असता. पण फुटली म्हणून आतला कान दिसला. कानाच्या हाडाची एक बाजू भलतीच जाड, आणि तसा कान तोवर फक्त व्हेलच्याच घराण्यात सापडलेला. प्राण्याचं नाव इंडोहायस, वय जवळपास 4 कोटी 80 लाख वर्षं, दिसायला बारीक पायांच्या हरणासारखा आणि आकाराने साधारण मांजराएवढा!