रॉबर्ट मॉरिस: ज्याच्या सहीवर अमेरिका तगली

१७७६चा डिसेंबर सरत आला आहे. अमेरिकेचं ब्रिटनविरुद्ध स्वातंत्र्ययुद्ध सुरू आहे. ब्रिटिश फौजेच्या धास्तीनं अमेरिकन काँग्रेस फिलाडेल्फिया सोडून बाल्टिमोरला निघून गेली आहे. रॉबर्ट मॉरिस नावाचा एक व्यापारी मात्र शहरातच थांबला आहे. छावणीतून जॉर्ज वॉशिंग्टनचा निरोप येतो: खबर काढणाऱ्यांना द्यायला रोकड हवी, कागदी पैशाला कोणी विचारत नाही. मॉरिस नाणी जमवतो. ४१० स्पॅनिश डॉलर, काही फ्रेंच क्राउन, बरेचसे इंग्लिश शिलिंग. नव्या देशाची तिजोरी म्हणजे त्या घटकेला एवढंच.

मॉरिसचा जन्म १७३४चा, लिव्हरपूलचा. तेराव्या वर्षी तो मेरीलँडमध्ये वडिलांकडे आला. वडील तंबाखूच्या व्यापारात होते. एका जहाजानं सलामीची तोफ डागली, तोफेतला बोळा त्यांना लागला आणि त्या जखमेनं ते गेले. पोरका मुलगा फिलाडेल्फियाच्या विलिंग यांच्या पेढीवर उमेदवारी करू लागला आणि १७५७मध्ये त्याच पेढीत भागीदार झाला. गहू, पीठ, साखर असा माल त्यांच्या जहाजांतून जाई. गुलाम म्हणून विकायला आणलेली माणसंही त्यांच्या व्यवहारात होती. ही गोष्ट गाळून मॉरिसचं मोठेपण सांगू नये.

१७८१मध्ये तो देशाचा अर्थप्रमुख झाला तेव्हा काँग्रेसच्या नोटा कवडीमोल झाल्या होत्या. मग त्यानं स्वतःच्या सहीच्या हुंड्या काढल्या. सरकारवर विश्वास नव्हता, पण मॉरिसची पत बाजारात खणखणीत होती. यॉर्कटाउनच्या मोहिमेवर निघालेले सैनिक पगाराच्या नाण्यांसाठी अडून बसले, तेव्हा त्यानं अमेरिकेच्या बाजूनं लढणाऱ्या फ्रेंच सेनेकडून २० हजार डॉलर उसने घेऊन त्यांच्या हातावर ठेवले. ऑक्टोबरमध्ये यॉर्कटाउनला ब्रिटिश सेनापतीनं शरणागती पत्करली. त्या विजयात मॉरिसचा वाटा कुठल्याही सेनानीपेक्षा कमी नाही, असं मला ठामपणे वाटतं.

पुढे मॉरिसच्या पुढाकारानं बँक ऑफ नॉर्थ अमेरिका उभी राहिली. १७८४मध्ये ‘एम्प्रेस ऑफ चायना’ हे जहाज जिनसेंग या औषधी वनस्पतीची मुळं भरून न्यूयॉर्कहून चीनमधल्या कँटन बंदराला गेलं आणि चहा घेऊन परतलं. त्यात मॉरिसचं भांडवल होतं.

आणि मग जमिनीचा नाद लागला. न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम भागातली जंगलं, दक्षिणेतली लाखो एकर जमीन, नव्या राजधानी वॉशिंग्टनमधले हजारो भूखंड. सगळी खरेदी उधारीवर. युरोपातले धनको आणि वसाहत करणारे येतील, भाव चढेल, हप्ते फिटतील, असा हिशेब. पण १७९३मध्ये फ्रान्स आणि ब्रिटनमध्ये युद्ध पेटलं आणि युरोपातला पैसा तिकडेच आटला. मॉरिस आणि त्याचा भागीदार जॉन निकोल्सन एकमेकांच्या हुंड्यांवर सह्या करत राहिले. डॉलरची हुंडी काही सेंटांवर आली. ज्या सहीनं सैन्य पोसलं, तीच आता घ्यायला कोणी धजेना.

(पडद्यावर विल्यम बर्चचं चित्र)

चेस्टनट रस्त्यावरचं हे घर. राजधानीचा आराखडा काढणाऱ्या लाँफांकडूनच मॉरिसनं ते बांधायला घेतलं. भिंती चढल्या, संगमरवर आला, पैसा संपला. लोक त्याला ‘मॉरिसचा मूर्खपणा’ म्हणू लागले.

धनकोंपासून लपण्यासाठी तो शुइलकिल नदीकाठच्या आपल्या बंगल्यात दारं लावून बसला. फेब्रुवारी १७९८मध्ये त्याला पकडून प्रून स्ट्रीटच्या कर्जदारांच्या तुरुंगात नेलं. कर्ज होतं सुमारे ३० लाख डॉलर. त्याच वर्षी शहरात पिवळ्या तापाची साथ आली, तीही त्यानं कोठडीतच काढली. वॉशिंग्टन फिलाडेल्फियात आला, तेव्हा तुरुंगात जाऊन मॉरिसबरोबर जेवला. ज्या देशाला यानं उभं केलं त्या देशानं त्याच्यासाठी एवढंही केलं नाही, याचा आजही राग येतो.

निकोल्सन तुरुंगातच वारला. मॉरिस १८०१च्या ऑगस्टमध्ये, दिवाळखोरीच्या नव्या कायद्यामुळे सुटला. त्याच्या जमिनी विकत घेतलेल्या हॉलंड लँड कंपनीला त्या जुन्या जमिनींच्या कागदांवर त्याची बायको मेरी हिची सही हवी होती. त्या बदल्यात तिला वर्षाला १५०० डॉलर बांधून मिळाले. १८०६च्या मे महिन्यात मॉरिस वारला, तोवर दोघांचा संसार त्याच पैशावर चालला.