भिंतीच्या वर आकाश नाही

श्रोतेहो, नमस्कार.

ग्वाल्हेरकराला कैद म्हटलं की आधी किल्लाच आठवतो. मोगलांनी तिथे राजकैदी ठेवले. औरंगजेबाचा भाऊ मुराद १६६१ मध्ये तिथेच मारला गेला. किल्ल्यातल्या मानमंदिर महालाच्या तळघरातलं गोल, खांबांचं दालन तुम्ही पाहिलं असेल. गोल जागेत थांबायला कोपरा नसतो. आजच्या चित्राचं मर्म तेच आहे.

व्हिन्सेंट व्हॅन गॉगने फेब्रुवारी १८९० मध्ये रंगवलेला हा कैद्यांचा फेरा आता मॉस्कोच्या पुश्किन संग्रहालयात आहे. ८० सेंटीमीटर उंच, ६४ रुंद. म्हणजे फार मोठा नाही. मूळ कल्पना फ्रेंच चित्रकार गुस्ताव्ह दोरेची. लंडनच्या न्यूगेट तुरुंगाचं अंगण त्याने १८७२ मध्ये काळ्या-पांढऱ्या छापचित्रात दाखवलं होतं. हे चित्र रंगवताना व्हॅन गॉग फ्रान्समधल्या सँ-रेमीच्या मनोरुग्णालयात होता, त्याच्या खिडकीलाही गज होते. चित्रासाठी समोर बसवायला माणसं मिळत नसत, म्हणून छापचित्रं समोर ठेवून तो रंग स्वतःच्या मनाने भरायचा. याला नक्कल म्हणणं मला पटत नाही.

चित्रात बेड्या शोधू नका. आधी वरची कड पाहा: भिंती कडेच्याही पलीकडे जातात, आकाशाचा तुकडासुद्धा नाही. जमीन पिवळसर, भिंती वर जाताना निळ्या-हिरव्या होतात, आणि आपण विहिरीच्या तळाशी उभे आहोत असं वाटतं. मग रांग पाहा. पुढच्या माणसाच्या मागे मागचा, फिरून पुन्हा पहिला; रांगेला टोकच नाही. हे चित्र गिरवणारे इथेच फसतात. ते कंपासने गोल काढतात, सगळ्यांची उंची सारखी ठेवतात, आणि अंगण भिंतीसारखं उभं राहतं. फरशीवरचं वर्तुळ लंबगोल दिसायला हवं; मागच्यांची पावलं वर आणि माणसं लहान.

पुढे मध्यभागी एकजण उघड्या डोक्याने चालतोय, तोंड आपल्याकडे वळलेलं. तो चित्रकारच, असं बरेचजण म्हणतात. असेलही, पण चित्रात त्याचं काम वेगळं आहे. बाकीच्यांची नजर फेऱ्यात अडकली आहे, याची तेवढी बाहेर येते.

आणि हो, भिंतीवर उंच दोन पांढरी फुलपाखरं आहेत. मोबाइलवर ती ठिपक्यांसारखी दिसून निसटतात. चित्र मोठं करा, आणि माणसं सोडून वरच्या भागात शोधा.