हायब्रीड पिकअपनं ट्रॉली ओढावी का?

मंडळी, बेळगावच्या उद्यमबागेतलं कास्टिंग, खानापूरकडच्या विटा, निपाणीची तंबाखू, चिकोडी-अथणीचा ऊस. काहीतरी मागे जोडून ओढत नेणं आपल्या भागात कुणालाच नवीन नाही. तरी गाडी घेताना आपण विचारतो काय? ॲव्हरेज किती आणि कर्ज कोण देतंय. मागे किती वजन जोडता येईल, असं विचारणारं गिऱ्हाईक माझ्या गॅरेजात क्वचितच येतं.

असा विचारणारा एक मंडपवाला मला भेटला. लग्नाकार्याला, जत्रेला जनरेटर पुरवणारा माणूस. जनरेटर दोन चाकांच्या ट्रॉलीवर बसवलेला. डबल केबिन पिकअप घ्यायची म्हणून तो शोरूमला गेला आणि सरळ विचारलं, "ही किती ओढेल?" माहितीपत्रकात स्क्रीनची मापं होती, रंगांची नावं होती, पाण्यात किती खोल जाईल तेही होतं. ओढायचा आकडा मात्र कुठंच नव्हता. विक्रेत्यानं सांगितलं, "साहेब, ही काहीही ओढते." मला या उत्तराचा मनापासून राग आहे. पंधरा-वीस लाख मोजणाऱ्या माणसाला "काहीही" हे उत्तर द्यायचं नसतं. इतर देशांत याच वर्गातल्या गाड्यांचा ओढायचा आकडा पहिल्या पानावर छापतात. आपल्यालाच तो का मिळू नये?

पुढं काय झालं ते ऐका. मंगल कार्यालयाचं मागचं दार, तिथं चढ, आणि जनरेटर रिव्हर्समध्ये वर चढवायचा. ज्यानं ट्रॉली रिव्हर्स घेतलीय त्याला माहीत आहे, ट्रॉली डावीकडं न्यायची तर स्टिअरिंग उजवीकडं फिरवावं लागतं. घाई करून चालत नाही, म्हणून ड्रायव्हर हाफ क्लचवर. इंचभर माग, थांब, परत इंचभर. वरून वऱ्हाडातले चार जण चार दिशांनी हात करतायत! शेवटी जळका वास सुटला, धूर आला आणि गाडी जागेवर. गिअरबॉक्स उतरवला तेव्हा क्लच प्लेटचं लायनिंग जळून काळं पडलेलं, रिव्हेटची डोकी वर आलेली, फ्लायव्हीलवर निळे डाग. लोखंड निळं पडतं म्हणजे तिथं तीनशे अंशांच्या आसपास उष्णता झालेली असते. इंजिन ठणठणीत होतं. गाडी ओढताना मेली नाही, सुटताना मेली. हाच माझा आजचा मुद्दा आहे.

जाता जाता ट्रॉलीबद्दल एक. गाडीला बेळगावची केए-22 ची पाटी आणि ट्रॉलीला काहीच नाही, असं आपल्याकडं सर्रास दिसतं. कायद्यानं ट्रॉलीची नोंदणी वेगळी लागते. आणि मागचे लाइट? आणि वजनदार ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक? नुसत्या गाडीच्या ब्रेकवर दोन टन घाटातून उतरवणं हा जिवाशी खेळ आहे. यावर एक अख्खं व्याख्यान...

अध्यक्षांची चिठ्ठी आली. दहा मिनिटं उरलीत म्हणतात. मग मूळ विषयाकडं, हायब्रीडकडं झपाझप जातो. हायब्रीड म्हणजे इंजिनाच्या जोडीला बॅटरीवर चालणारी इलेक्ट्रिक मोटर.

ओढकामात दोन वेगळ्या गोष्टी लागतात: सुटायला जोर आणि चढायला टिकाव. इलेक्ट्रिक मोटर शून्य फेऱ्यांपासून पूर्ण जोर देते. त्यामुळे सुटणं, रिव्हर्स, वजनकाट्यापुढं रांगेत सरकणं, या कामांत तिला तोड नाही. कुणी म्हणेल, ऑटोमॅटिक घेतली तर हे तसंही होतं. बरोबर आहे, तिच्यात क्लचच्या जागी तेलातून जोर पोचवणारा टॉर्क कन्व्हर्टर असतो, त्यामुळे अर्धं दुखणं जातं. पण तोही घसरतो आणि तेल तापवतो. तिथं मोटर इंजिनाचा भार हलका करते.

आता टिकाव. अमेरिकेतली टोयोटा टॅकोमा हायब्रीड पिकअप घ्या. 2.4 लिटर टर्बो पेट्रोल, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये 48 अश्वशक्तीची मोटर, बॅटरी 1.87 किलोवॅट-तास, म्हणजे वीजबिलातले तेवढेच युनिट. मोटर पूर्ण जोरात चालवली तर ही बॅटरी तीन मिनिटं पुरेल. एवढं काम अर्धा लिटर डिझेलही करतं. आता गोव्याकडून चोर्ला घाट चढा. गाडी दोन टन, ट्रॉली अडीच टन आणि 600 मीटर चढ धरला, तर नुसतं वजन वर न्यायला सव्वासात किलोवॅट-तास लागतात, टायर आणि वारा वेगळे. म्हणजे घाट इंजिनच चढवणार. उतारावर ब्रेकमधून वीज परत मिळते खरी, पण एवढीशी बॅटरी लवकर भरते आणि नंतर गिअर पाडूनच उतरावं लागतं.

वर बॅटरीचं वजन. टॅकोमाची साधी आवृत्ती सुमारे 2,950 किलो ओढते, हायब्रीड सुमारे 2,720. चिनी कंपनी बीवायडीच्या 1.5 लिटर शार्क पिकअपची बॅटरी जवळजवळ 30 किलोवॅट-तासांची, पण ऑस्ट्रेलियात तिचा आकडा 2,500 किलो आहे. तिथल्या नेहमीच्या डिझेल पिकअप 3,500 ओढतात. बॅटरी उतरली की लांब चढावर तिचं 1.5 लिटरचं इंजिनच उरतं. फोर्ड रेंजरच्या प्लग-इन, म्हणजे बाहेरून चार्ज होणाऱ्या हायब्रीडनं मात्र 3,500 टिकवलंय, कारण तिथं मोटर आणि 2.3 लिटरचं इंजिन दोन्ही एकाच गिअरबॉक्समधून चाकांना जोर देतात. म्हणून नुसतं हायब्रीड आहे का, हे विचारून भागत नाही. इंजिन थेट चाकं फिरवतं का, ते विचारा. टोयोटा हायलक्सच्या 48 व्होल्टच्या हायब्रीड आवृत्तीत नेहमीचंच 2.8 लिटर डिझेल आहे, मोटर फक्त 12 किलोवॅटची. ती सुटायला हात देते आणि ओढायचा 3,500 चा आकडा कमी होत नाही.

माझं मत स्पष्ट आहे. बेळगाव शहरात, उद्यमबागेतून गोदामापर्यंत, लग्नाच्या हॉलपर्यंत ट्रॉली नेणाऱ्यानं असं डिझेल हायब्रीड जरूर घ्यावं. रोज चोर्ला किंवा आंबोली भरल्या ट्रॉलीनं चढणाऱ्यानं साधं मोठं डिझेल घ्यावं, बॅटरीचे पैसे वाचवावेत. हायवेला एका वेगानं जाताना मोटर जवळजवळ रिकामीच बसते, तिथं ॲव्हरेजची आशा धरू नका. आणि शोरूममधून तीन आकडे लेखी घ्या: ब्रेकवाली ट्रॉली किती, हुकावर भार किती, गाडी-ट्रॉली मिळून वजन किती. हुकावर ट्रॉलीच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा येतो आणि तो गाडीच्या मालात मोजला जातो.

शेवटचं, गॅरेजवाल्या मित्रांसाठी. मोठ्या व्होल्टच्या हायब्रीडमधली केबल नारिंगी असते. बॅटरीचा पुरवठा तोडणारा सर्व्हिस प्लग काढल्याशिवाय, कंपनीनं सांगितलेला वेळ थांबल्याशिवाय आणि मीटर लावून खात्री केल्याशिवाय तिला हात लावायचा नाही. पोरांना हे शिकवल्याशिवाय अशी गाडी रॅम्पवर घेऊ नका. आता प्रश्न विचारा.