आधी अँटेना, मग ट्यूनर

नमस्कार श्रोतेहो.

घरी निवांत ऐकायला चांगला एफएम ट्यूनर, म्हणजे रेडिओ केंद्र पकडणारा सेट, कुठला घ्यावा, असं कोणी विचारलं की मी उलट विचारतो: घर कुठं आहे तुमचं, आणि ऐकायचंय कुठलं केंद्र? आपल्या बेळगाव भागात एवढं ठरल्याशिवाय दुकानाची पायरी चढू नये.

एफएमच्या लहरी बहुतेक सरळ रेषेत जातात. शंभर मीटर उंच मनोऱ्यावरून निघालेलं प्रक्षेपण सपाट मुलखात, दहा मीटर उंचीवरच्या अँटेनापर्यंत साधारण ५० ते ५५ किलोमीटर भरवशानं पोचतं. पुढं मग उंची, डोंगर आणि हवा यांची मर्जी. निपाणीकरांना कोल्हापूर जवळ, त्यामुळं आकाशवाणी कोल्हापूरच्या १०२.७ साठी त्यांना फार खटपट पडू नये. बेळगावातून तेच केंद्र सरळ रेषेत शंभरेक किलोमीटर. शहर उंचावर आहे ही जमेची बाजू, पण उंचावरच्या मोकळ्या माळावरचं घर आणि खोलगट गल्लीतलं घर यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. खानापूर-जांबोटीकडच्या मंडळींना गोवा नकाशात जवळ दिसतो, पण पणजीचं १०५.४ आणि आपण यांच्यामध्ये सह्याद्री उभा आहे. आणि बेळगावचं वेणुध्वनी ९०.४ चिकोडीत नीट लागत नाही म्हणून सेटला शिव्या देऊ नका. ते सामुदायिक रेडिओ केंद्र आहे. अशा केंद्रांना आपल्या देशात शक्तीची मर्यादाच सर्वसाधारणपणे १०० वॉटची असते.

तर बेळगावातून कोल्हापूर उत्तरेला, किंचित पश्चिमेकडं. पणजी नैर्ऋत्येला. दोन दिशांना तोंडं करून बसलेल्या केंद्रांसाठी एकाच बाजूला रोखलेली यागी अँटेना घेऊन चालत नाही. एकच लांबचं केंद्र हवं असेल तर यागी उत्तम. नाहीतर साधा डायपोल, म्हणजे एका रेषेतल्या दोन नळ्यांची अँटेना, पुरतो, आणि तो घरी होतो.

त्यासाठी ॲल्युमिनियमच्या पातळ नळीचे ७२ सेंटिमीटरचे दोन तुकडे घ्या. सुक्या लाकडी पट्टीवर एका रेषेत, मध्ये दोन बोटं जागा ठेवून पक्के बसवा. डिशला लागते ती ७५ ओहमची काळी केबल आणा. टोकाचं वरचं साल सोला, आतली जाळी एका बाजूला पिळून घ्या. मधली तांब्याची तार एका नळीला, जाळी दुसऱ्या नळीला, दोन्ही नट-बोल्टनं आवळून. जाळीचा एक केस जरी मधल्या तारेला टेकला तरी सगळी मेहनत पाण्यात. जोडावर पावसाचं पाणी शिरू नये म्हणून वरून टेप. आता नळ्या पूर्व-पश्चिम आडव्या ठेवल्या की अँटेनाचा कान उत्तर-दक्षिणेकडं लागतो, म्हणजे कोल्हापूरकडं. आडवी ठेवून जमलं नाही तर उभी करून बघा. पत्र्याच्या छपराखाली मात्र ठेवू नका, पत्रा लहर अडवतो. गच्चीवरची दूरदर्शनची जुनी अँटेना वापरू का, असंही विचारतात. फुकटची आहे, लावून बघा, पण त्यातल्या बऱ्याचशा १७४ मेगाहर्ट्झच्या वरच्या चॅनेलांसाठी कापलेल्या असतात. आपलं एफएम ८८ ते १०८ मधलं.

सांगली आणि धारवाड आपल्याकडं वर्षानुवर्षं मीडियम वेव्हवर ऐकली गेली, १२५१ आणि ७६५ किलोहर्ट्झवर. त्याला हा डायपोल उपयोगी नाही. तिथं सेटमधली काळी फेराइट कांडी काम करते, सेटच फिरवायचा.

आता ट्यूनर. मागं अँटेनासाठी ७५ ओहमचं सॉकेट हवंच. नुसती काडी असलेला सेट घरच्या ऐकण्यासाठी मी तरी घेणार नाही. जवळच्या दणदणीत केंद्राशेजारी दबलेलं लांबचं केंद्र वेगळं काढता येणं, याला सिलेक्टिव्हिटी म्हणतात. माहितीपत्रकात आधी हा आकडा बघा, वॉट नंतर. स्टिरिओ-मोनोचं बटण असावं, कारण स्टिरिओला सिग्नल जास्त ताकदीचा लागतो. कोल्हापूर खरखरत असेल तर मोनो करा, खरखर झटकन उतरते. बातम्यांना स्टिरिओ हवाय कशाला?

जुन्या बाजारातली जपानी यंत्रं दिसायला देखणी असतात, पण खास जपानसाठी केलेला ट्यूनर ७६ ते ९० मेगाहर्ट्झपर्यंतच जातो, वर वीज १०० व्होल्टची मागतो. खास अमेरिकेसाठी केलेले कित्येक डिजिटल ट्यूनर एक आकडा सोडून उडी मारतात, दशांशापुढं विषम आकडाच घेतात. १०२.७ मिळेल, १०५.४ आणि ९०.४ हुकतील.

सगळं नीट लावूनही संध्याकाळीच खरखर वाढत असेल तर घरातले स्वस्त एलईडी बल्ब आणि मोबाईलचे चार्जर एकेक करून बंद करत जा. चोर सापडेल.

आणि एक. एप्रिल-मे महिन्यात दुपारनंतर आभाळ भरून आलं, वळीव येणार असं दिसलं, की विजेचा पहिला कडकडाट ऐकू येण्याआधीच केबल ट्यूनरमधून काढून ठेवा. गडगडाट सुरू झाल्यावर तिला हातही लावू नका. गच्चीवरची नळी घराच्या अर्थिंगला जोडायचं काम वायरमनकडूनच करून घ्या.

नमस्कार.