दहा पैशांच्या वजनावर बीटल्स

(दृश्य: अरुंद लाकडी जिना, कॅमेरा खालून वर)

इंदूर. रामबागेतलं एक जुनं घर, रविवारची सकाळ. पोह्यांवर शेव पडलीय, वर जिरावण भुरभुरलंय, पण बशीला अजून कुणी हात लावलेला नाही. आधी गाण्यांची तबकडी धुवायचीय.

(दृश्य: परात, वाटी, हात)

पाणी उकळून गार केलेलं. त्यात साबणाचा एकच थेंब. मधल्या कागदी लेबलवर स्टीलची वाटी पालथी घालायची, म्हणजे ते भिजत नाही. जुन्या धोतराच्या तुकड्यानं पुसायचं ते खाचांच्या वळणानंच, गोल गोल. आमच्या कॅमेरामननं हौसेनं आडवा हात मारला, तर माळ्यावरचे तिघंही एकदम ओरडले.

वाटी उचलली. लेबलवर कंपनीचं नाव, पार्लोफोन. गाणारे बीटल्स, इंग्लंडमधल्या लिव्हरपूलचे, तबकडी छापलीय कलकत्त्याजवळ दमदमला, आणि घरी आली ती मुंबईच्या ऱ्हिदम हाऊसमधून, मामाच्या ट्रंकेत, दोन साड्यांच्या मधे.

प्लेअर एचएमव्हीचा, फिएस्टा. सुई उडू नये म्हणून तिच्या डोक्यावर एक नाणं चिकटवलंय: ॲल्युमिनियमचे दहा पैसे, नागमोडी कडांचे. जाणकार याला नावं ठेवतील. ठेवोत.

(दृश्य: तिघं, सतरंजीवर)

घरचे काका, त्यांची धाकटी बहीण म्हणजे ताई, आणि शेजारचे तबलेवाले काका. तिघंही पंचाहत्तरीपुढचे. तबकडी येण्याआधी यांच्याकडे होता फक्त रेडिओ सिलोन. पोस्टात लायसन्सचे पैसे भरून घेतलेला रेडिओ या आरडाओरड्यासाठी आहे का, हा आईचा सवाल ताईंना अजून पाठ आहे.

पण या माळ्यावर गप्पा रंगतात त्या आधीच्या बीटल्सच्या. कोट-टायच्या आधीच्या, किंचाळणाऱ्या मुलींच्या आधीच्या.

ऑगस्ट १९६०. पाच पोरं हॅम्बुर्गला पोहोचतात. इंद्रा नावाच्या क्लबात ४८ रात्री वाजवतात, तिथून कायझरकेलर या दुसऱ्या क्लबात. रोज तासन् तास. झोपायला एका सिनेमाघराच्या पडद्यामागची खोली, शेजारी मुतारी. जॉर्ज हॅरिसन अवघा १७ वर्षांचा. वय कमी म्हणून नोव्हेंबरात जर्मनीनं त्याला परत पाठवलं.

तबलेवाले काका बोटं मोजतात. आपल्याकडे चिल्ला, म्हणजे सलग रियाज, चाळीस दिवसांचा. यांचा अठ्ठेचाळीस रात्रींचा, तोही दारू प्यायलेल्या गिऱ्हाइकांसमोर! आम्हालाही हेच म्हणायचंय. बीटल्स म्हटलं की लोक केस आठवतात. रियाज कुणी आठवत नाही.

मग लिव्हरपूलचं कॅव्हर्न, तळघरातलं. १९६१ च्या नोव्हेंबरात तिथं ब्रायन एपस्टाइन त्यांना ऐकायला आला आणि पुढं मॅनेजर झाला. १ जानेवारी १९६२ ला डेक्का या रेकॉर्ड कंपनीसमोर १५ गाणी झाली. नकार आला.

(दृश्य: सुई खाली येते. जवळून.)

आता रविवारचा ठरलेला वाद. ऑगस्ट १९६२ मध्ये बीटल्सनी त्यांचा ड्रमर पीट बेस्टला काढलं आणि ड्रमवर रिंगो स्टार आला. घरचे काका आजही पीटच्या बाजूनं. ‘लव्ह मी डू’ लागतं आणि तबलेवाले काका हात वर करतात: थांबा, खंजिरी ऐका.

ऐका नीट. ठेका रिंगोचा नाही. निर्माता जॉर्ज मार्टिन यांच्या टीमनं या रेकॉर्डिंगच्या दिवशी अँडी व्हाइट नावाचा भाडोत्री ड्रमर बोलावला होता. रिंगोच्या हातात दिली खंजिरी. ५ ऑक्टोबर १९६२ ला जी छोटी तबकडी आधी बाजारात आली, तिच्यावर मात्र रिंगोचाच ठेका आहे, आणि खंजिरी नाही. ओळखायची खूण एवढीच. काकांना हे पटतं, पण म्हणून पीटवरचा अन्याय कमी होत नाही, असं ते पोह्यांची बशी ओढून घेत सांगतात.

(दृश्य: तबकडी फिरतेय. त्याच बाजूचं शेवटचं गाणं.)

११ फेब्रुवारी १९६३. पहिल्या अल्बमसाठी एका दिवसात दहा गाणी रेकॉर्ड झाली. जॉन लेननला सर्दी, घसा धरलेला. गोळ्या चघळत तो दिवसभर गायला. ज्यात गळा फाडावा लागतो, ते ‘ट्विस्ट अँड शाउट’ त्यासाठीच शेवटी ठेवलं, रात्री दहाच्या सुमाराला. पहिल्याच झटक्यात झालं. दुसऱ्यांदा प्रयत्न केला तेव्हा आवाज उरलाच नव्हता.

(दृश्य: ताई, डोळे मिटलेले. निवेदन नाही, गाणं चालू.)

घराचा सौदा झालाय. पावसाळ्याआधी पाडणार. तबकड्या पुण्याला नातवाकडे जातील.

(दृश्य: गाणं संपतं. सुई शेवटच्या खाचेत फिरत राहते.)

कोण उठणार यावर तिघंही एकमेकांकडे बघतात. शेवटी ताई उठतात. दहा पैसे पडू नयेत म्हणून बोट लावून, सुईचा दांडा हळूच उचलतात.