रांग पापडाची

सकाळी लवकर, मुंबई अजून धड जागी पण झालेली नसते तेव्हा लिज्जतच्या शाखेत बायकांची ये-जा सुरू होते. हातात डबा, डब्यात काल घरी लाटून वाळवलेले पापड. ते द्यायचे, आतली बेन (गुजरातीत बहीण) तपासून वजन करणार, लाटण्याचे पैसे घ्यायचे, तिथं त्याला वणाई म्हणतात, आणि आजचं पीठ घेऊन घरी. मग पोरांची शाळा, स्वयंपाक, सासूचं औषध असं सगळं सांभाळून दिवसभरात जमेल तेवढं लाटायचं. उद्या परत तेच.

आता यात प्रमोशन कुठंय सांगा बरं? काम म्हणाल तर रटाळच. आमची आजी उन्हाळ्यात दोनच दिवस पापड लाटायची तरी खांदे भरून आले म्हणून आठवडाभर कुरकुरायची, इथं तर वर्षानुवर्षं तोच पोळपाट. तरी बायका टिकतात. काही घरांत तर सासूनंतर सून येते.

मी आधी एका आयटी कंपनीत होतो. तिथं दर तीन महिन्यांनी सर्व्हे यायचा, कामात किती समाधानी आहात, एक ते पाच आकडा द्या, मग शुक्रवारी पिझ्झा मागवायचे, कधी अंताक्षरी, आणि सोमवारी अजून दोघांनी पेपर टाकलेले असायचे. त्यामुळे ही रांग बघून खरंच डोकं चक्रावलं.

तर झालं असं, 15 मार्च 1959, गिरगावातल्या एका इमारतीची गच्ची, सात गुजराती बायका आणि उसने घेतलेले 80 रुपये. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली, फक्त चार. पुढे पावसाळा आला, पापड वाळेनात, चार महिने काम बंद ठेवावं लागलं. दुसऱ्या वर्षी काय केलं तर एक खाट आणली आणि एक स्टोव्ह. खाटेवर पापड, खाली पेटलेला स्टोव्ह, बाहेर पडू दे किती पडायचा तो पाऊस! वर कोणाची परवानगी मागायची नव्हती, कारण वर कोणी नव्हतंच.

आणि मला वाटतं खरी मेख इथंच आहे. कोणाकडून देणगी घ्यायची नाही, तोट्यात गेलो तरी नाही, हे त्यांनी सुरुवातीलाच ठरवलं होतं. नफा सगळ्यांचा, तोटाही सगळ्यांचा. आज 45 हजारांच्या आसपास बायका आहेत आणि कागदोपत्री त्यातली एकही कामगार नाही, सगळ्या सभासद, मराठी असो नाहीतर तमिळ, सगळ्या 'बेन'. हिशेब लिहिणारे, गाड्या चालवणारे पुरुष असतात, पण ते पगारी, त्यांना सभासद होता येत नाही. (आमच्या एडिटरला हे ऐकून जरा लागलंच.) कारभार बघणारी 21 जणींची समिती असते, तीही सभासदांमधूनच आलेली. म्हणजे खांदा दुखतोय असं सांगितलं तर ऐकणारीला खांदा कसा दुखतो ते समजावून सांगावं लागत नाही.

सगळं गोड आहे असं मी म्हणणार नाही. लाटलं तर वणाई, ताप आला, पीठ उचललं नाही, तर त्या दिवसाची वणाई नाही. मालकीण म्हणून नफ्यात वाटा मिळतो हे खरं, पण आजारपणाची भरपगारी रजा मालकिणीला कोण देणार? आणि घरून काम म्हणजे घरातलं काम सुटत नाही ते वेगळंच.

त्या सात जणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना 2021 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. पापड लाटायला बसल्याला तोवर 60 वर्षं उलटून गेली होती.

रांग ओसरलीये. एक बेन पिठाचा डबा पिशवीत घालून झपाझप निघालीये, पोराची बस चुकेल म्हणून.